फॉस्फेट उतरतं, आठवड्यात पुन्हा चढतं: रीफ टँकच्या वाळूतला साठा कसा शोधायचा आणि कसा कमी करायचा

तक्रार साधारण अशी असते. रीफ टँकमध्ये, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळं) ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, फॉस्फेट ०.२५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) येतं. दहा-पंधरा टक्के पाणी बदललं की जरा खाली जातं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा जिथल्या तिथे. जीएफओ, म्हणजे दाणेदार फेरिक ऑक्साइड लावलं की ०.०६ पर्यंत उतरतं, पण दाणे संपले की आठवड्याभरात परत ०.२. माशांचं खाणं निम्म्यावर आणलं तरी फरक नाही. नायट्रेट मात्र शून्य ते दोनच्या मध्ये रेंगाळत असतं. काचेवर दोन दिवसांत तपकिरी थर, दुपारनंतर वाळूवर लाल चादर, कोरल मातकट.

हे चक्र महिनोन्महिने चालत असेल तर मीठ, आरओचं पाणी आणि स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) यांच्यावर आधी संशय जातो. एकदा तपासून घ्या, हरकत नाही. पण टँक वर्ष-दीड वर्ष जुना असेल आणि तळाला तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त वाळू असेल, तर मूळ बहुधा तिथेच आहे.

आधी हिशेब

२०० लिटर पाण्याचा टँक घ्या. रोज २ ग्रॅम कोरडं दाणेदार खाद्य पडतं असं धरू. अशा खाद्यात साधारण १ टक्का फॉस्फरस असतो, म्हणजे २० मिलिग्रॅम. फॉस्फरसचं फॉस्फेट करायचं तर ३.०७ ने गुणायचं, म्हणजे सुमारे ६१ मिलिग्रॅम. ते २०० लिटरमध्ये मिसळलं तर दिवसाला ०.३ पीपीएम. काहीही बाहेर गेलं नाही तर महिन्याला ९ पीपीएम व्हायला हवं, आणि असा आकडा कोणाच्याच टँकमध्ये दिसत नाही. थोडं स्किमरच्या कपात जातं, थोडं शेवाळात आणि कोरलमध्ये बसतं, थोडं मासे वाढवण्यात खर्च होतं. उरलेलं दगडांच्या आणि वाळूच्या कणांना चिकटतं किंवा गाळ होऊन तळाशी बसतं. टेस्ट किटला दिसतो तो काउंटरवरचा माल, मागचं गोदाम त्याला दिसत नाही.

नायट्रोजनचा हिशेबही करून ठेवा, पुढे लागेल. त्याच खाद्यात ४५ टक्के प्रथिनं असतील तर नायट्रोजन सुमारे ७ टक्के भरतो. २ ग्रॅममधून १४४ मिलिग्रॅम, म्हणजे नायट्रेटच्या रूपात दिवसाला ३ पीपीएमच्या थोडं वर. तरीही तुमचं नायट्रेट शून्याजवळ असतं, कारण नायट्रोजनला पळवाट आहे. ऑक्सिजन नसलेल्या जागी जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो हवेत निघून जातो. फॉस्फरसला असं वायुरूप मिळत नाही. जो आत आला तो हाताने बाहेर काढेपर्यंत आतच फिरत राहतो. म्हणून जुन्या टँकमध्ये नायट्रेट कमी आणि फॉस्फेट जास्त ही जोडी इतक्यांदा दिसते.

समुद्रात हे कसं निभतं

प्रवाळ खडकांभोवतीच्या पाण्यात पोषणद्रव्यं जवळजवळ नसतात. तरी तिथे एवढं जीवन उभं राहतं, कारण एकच माल पुन्हा पुन्हा वापरला जातो. ऑस्ट्रेलियातल्या हेरॉन बेटाजवळच्या मोजमापांत अ‍ॅक्रोपोरा जातीची प्रवाळं खडकाच्या एका चौरस मीटरमागे दिवसाला ४.८ लिटरपर्यंत श्लेष्मा सोडताना आढळली. त्यातला ५६ ते ८० टक्के भाग लगेच पाण्यात विरघळतो. बाकीचा चिकट भाग पाण्यातले कण गोळा करत जड होतो आणि वाळूवर बसतो. तिथली वाळू भरड, चुनखडीची आणि सच्छिद्र असते. लाटांच्या दाबाने पाणी कणांमधून सतत आत-बाहेर होतं, जिवाणू तो माल कुजवतात आणि सुटलेली पोषणद्रव्यं पुन्हा वरच्या पाण्यात येतात. स्पंजांचं काम वेगळं: विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य ते ओढून घेतात आणि त्यांच्या झडलेल्या पेशींच्या रूपात ते गाळ खाणाऱ्यांच्या तोंडी जातं. समुद्रकाकड्या वाळू गिळून, तिच्यावरचं खाद्य शोषून, स्वच्छ वाळू मागे टाकत जातात.

तुमच्या टँकमध्ये ही सगळी मंडळी थोड्याफार प्रमाणात आहेत. दोन गोष्टी नाहीत. एक, वाळूतून पाणी आरपार ढकलणाऱ्या लाटा. दोन, जादा माल वाहून नेणारा समुद्र. वर रोज बाहेरून खाद्य पडतंच. चक्र चालू, पण निचरा नाही.

वाळूच्या आत काय चाललंय

बारीक, साखरेसारख्या वाळूत ऑक्सिजन वरच्या काही मिलिमीटरपर्यंतच पोचतो. त्याखाली नायट्रेट वापरणारे जिवाणू, आणखी खाली सल्फेट वापरणारे. कुजण्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, कणांमधल्या पाण्याचा पीएच टँकपेक्षा बराच उतरतो आणि अ‍ॅरागोनाइटचा म्हणजे या चुनखडीच्या वाळूचा पृष्ठभाग किंचित विरघळू लागतो. त्या पृष्ठभागाला चिकटलेलं फॉस्फेट मग मोकळं होतं.

चिकटणं आणि सुटणं दोन्ही दिशांनी चालतं, हा या दुखण्यातला कळीचा भाग. पाण्यात फॉस्फेट वाढलं की चुनखडीचे कण ते धरून ठेवतात, पाण्यातलं कमी झालं की सोडतात. तुम्ही पाणी बदलून ०.२५ चं ०.२१ केलंत की वाळू आणि दगड तूट भरून काढतात. म्हणजे पाणी बदलणं वाया गेलं असं नाही, तेवढा माल खरोखरच बाहेर गेला. पण साठा मोठा असल्यामुळे आकड्यावर ते दिसत नाही.

लाल चादरीचं कोडंही इथेच सुटतं. सायनोबॅक्टेरियाचा, म्हणजे प्रकाशावर जगणाऱ्या जिवाणूंचा, हा लाल थर वाळूवर पसरला की त्याला वरच्या पाण्याची फारशी गरज उरत नाही, तो खालच्या गाळातून येणाऱ्या पोषणावर पोसला जातो. रात्री या थराखाली ऑक्सिजन संपतो आणि आणखी फॉस्फेट सुटतं. कुरासाओच्या प्रवाळ खडकांवरच्या अभ्यासातही अशा थरांचा संबंध तळाला साचून कुजणाऱ्या सेंद्रिय मालाशी लागला आहे. त्यामुळे किट ०.०२ दाखवतंय आणि वाळू लाल आहे, असं झालं तर किटला दोष देऊ नका.

मोजण्यातल्या चुका

फॉस्फेटचे रंग जुळवणारे किट, ज्यांत पहिली पायरीच ०.२५ ची असते, या कामाला निरुपयोगी. डिजिटल कलरीमीटर हवा. तो फॉस्फेट दाखवतो की फॉस्फरस ते पाहा. हॅनाचा एचआय७३६ फॉस्फरस पीपीबीमध्ये (पीपीएमचा हजारावा भाग) देतो, त्याच्या आकड्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागायचं. २० पीपीबी फॉस्फरस म्हणजे ०.०६ पीपीएम फॉस्फेट. हा गुणाकार विसरून टँक 'स्वच्छ' आहे असं मानणारे पुष्कळ आहेत.

नमुना खाणं घालण्याआधी, रोज एकाच वेळी घ्या. गाळाचा एखादा कण नमुन्यात आला तरी आकडा उडी मारतो. काचेची कुपी दोनदा टँकच्या पाण्याने खंगाळा, बाहेरून बोटांचे ठसे पुसा, पावडर पूर्ण विरघळू द्या आणि बुडबुडे काढून मगच मीटरमध्ये ठेवा. बुडबुडा राहिला की आकडा वाढतो. कुपी साबणाने धुऊ नका. नायट्रेटच्या बहुतेक किटमध्ये नायट्राइट असेल तर आकडा कित्येक पटींनी फुगतो, म्हणून नवीन किंवा नुकत्याच ढवळलेल्या टँकमध्ये आधी नायट्राइट शून्य आहे ना ते बघा.

साठा कुठे आहे: बरण्यांची चाचणी

अंदाजाने जीएफओ ओतण्यापेक्षा तीन दिवस देऊन ही चाचणी करावी. पुढचे सगळे निर्णय हिच्यावर ठरतात.

तीन स्वच्छ बरण्या घ्या. प्रत्येकीत टँकच्याच क्षारतेचं, नव्याने बनवलेलं १ लिटर खारं पाणी. त्या पाण्याचं फॉस्फेट आधी मोजून लिहून ठेवा.

पहिल्या बरणीत टँकमधली १०० मिलिलिटर वाळू, जशी आहे तशी, गाळासकट. दुसऱ्या बरणीतही १०० मिलिलिटर, पण ती आधी वेगळ्या भांड्यात खाऱ्या पाण्याने खळबळून, पाणी निवळ येईपर्यंत धुतलेली. गोड्या पाण्याने धुऊ नका, जिवाणू मरून आकडा बिघडतो. तिसरीत फक्त पाणी.

तिन्हींत बारीक एअरस्टोन, तापमान टँकइतकं, आणि वर काळं कापड, म्हणजे शेवाळ फॉस्फेट खाऊन टाकणार नाही. २४ तासांनी आणि ७२ तासांनी मोजा. मोजण्याआधी पाणी निवळू द्या किंवा ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळून घ्या.

तिसरी बरणी चढली तर मीठ, पाणी किंवा बरणी दोषी, तिथेच थांबा. पहिली चढली आणि दुसरी जवळजवळ तिथेच राहिली तर साठा सुटा गाळ आहे. ही चांगली बातमी, कारण सायफनने, म्हणजे नळीने पाण्यासोबत ओढून, तो निघतो. दुसरीही पहिलीइतकीच चढली तर फॉस्फेट कणांनाच चिकटलेलं आहे आणि धुऊन काही होणार नाही. दोन्ही फारशा हलल्या नाहीत तर वाळू निर्दोष. मुठीएवढा दगडाचा तुकडा घेऊन तीच चाचणी करा.

सोबत अजून एक नोंद ठेवा. जीएफओ पाच दिवस काढून ठेवा, पाणी बदलू नका, खाणं रोज मोजून तेवढंच. रोज फॉस्फेट लिहा. पहिल्या दोन दिवसांत झपाट्याने चढून रेघ सपाट झाली तर साठा तूट भरतोय. रोज सारख्याच पायऱ्यांनी सरळ चढत राहिली तर खाणं निचऱ्यापेक्षा जास्त आहे.

नायट्रेट आणि फॉस्फेटची जोडी वाचणं

दोन्ही जास्त, म्हणजे नायट्रेट २५-३० आणि फॉस्फेट ०.२ च्या वर: साधा प्रश्न. माल जास्त येतो, कमी जातो. स्किमर, फिल्टर सॉक (गाळ अडवणारी कापडी पिशवी), सम्पमधला (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतला) गाळ आणि माशांची संख्या बघा.

फॉस्फेट जास्त, नायट्रेट शून्य: या लेखाचं मुख्य गिऱ्हाईक. इथे लोक जिवाणूंना कार्बन पुरवायला व्हिनेगर किंवा व्होडका सुरू करतात आणि काहीच होत नाही, कारण जिवाणूंना वाढायला नायट्रोजनच नाही. आधी नायट्रेट २ ते ५ पर्यंत आणा. शुद्ध सोडियम नायट्रेट १३.७ ग्रॅम घेऊन आरओ पाण्यात विरघळवा आणि एकूण १०० मिलिलिटर करा. या द्रावणाचं १ मिलिलिटर १०० लिटर टँकचं नायट्रेट १ पीपीएमने वाढवतं. रोज १ पीपीएमपेक्षा जास्त नको. नायट्रेट मिळालं की शेवाळ, जिवाणू आणि कोरल फॉस्फेट ओढायला लागतात. कित्येकदा एवढ्यावरच फॉस्फेट उतरायला लागतं.

नायट्रेट जास्त, फॉस्फेट शून्य: जीएफओचा अतिरेक. हे बाकी सगळ्यांपेक्षा घातक मानावं. नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेटचा दुष्काळ असला की कोरलमधली सहजीवी शैवालं उपाशी राहतात आणि उष्णता-प्रकाशाच्या ताणाखाली कोरल लवकर पांढरं पडतं. जीएफओ काढा. बारा पाणी-रेणूंचं ट्रायसोडियम फॉस्फेट ४ ग्रॅम घेऊन १ लिटर द्रावण करा. त्याचं १ मिलिलिटर १०० लिटरमध्ये ०.०१ पीपीएम वाढवतं. सुरुवातीला दगड बरंचसं गिळून टाकतात, म्हणून रोज मोजून द्यावं लागतं.

दोन्ही शून्य: तपकिरी, बुडबुड्यांनी भरलेली शेंबडासारखी झालर दिसली तर ते डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे एकपेशीय सूक्ष्मजीव. वाळूला हात लावू नका, पाणी बदलणं थांबवा आणि दोन्ही आकडे वरच्याच द्रावणांनी वर आणा.

लक्ष्य म्हणून नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१० पुरे. प्रवाळ खडकांभोवतीच्या समुद्रातले आकडे याहून खूप खाली असतात, पण तिथे कोरलला अखंड वाहतं, प्लवकांनी भरलेलं पाणी मिळतं. टँकमध्ये ते आकडे गाठण्याचा हट्ट कोरलला उपाशी ठेवतो.

सुटा गाळ काढणं

पहिली बरणी चढली, दुसरी नाही, अशांसाठी. वाळू दोन-तीन सेंटिमीटर असेल तर थेट करा. सहा सेंटिमीटरच्या वर असेल आणि कधीच ढवळली नसेल तर यातली चौथी पायरी आधी वाचा.

१. तळाचे मनाने पाच पट्टे पाडा. एका आठवड्यात एकच पट्टा, १० टक्के पाणी बदलण्यासोबत. सगळी वाळू एका दिवसात साफ केली तर कुजका माल एकदम पाण्यात उठतो आणि सुट्टे जिवाणू निघून जातात.

२. वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह तयार करणारा पंप) आणि रिटर्न पंप (सम्पमधून पाणी वर आणणारा) बंद. १२ मिलिमीटरची नळी, तोंडाला ३०-४० मिलिमीटर व्यासाची ग्रॅव्हल ट्यूब. ट्यूब वाळूत उभी घाला, वाळू निम्म्या ट्यूबपर्यंत उसळली की नळी अंगठ्याने दाबा, वाळू खाली पडू द्या. सुरुवातीला पाणी चहासारखं तपकिरी येतं. ते दुधट झालं की त्या जागेचं काम संपलं, पुढे सरका. दुधट रंग चुनखडीच्या भुकटीचा, तो जाणारच.

३. नवीन पाणी भरा, पंप सुरू करा, फिल्टर सॉक ताजा लावा. दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी अमोनिया मोजा. सॉक दुसऱ्या दिवशी काढून धुवा.

४. जाड थर असेल तर फक्त वरचे १ ते १.५ सेंटिमीटर. ट्यूब खोल खुपसू नका. खाली काळा पट्टा दिसला किंवा कुजक्या अंड्यांचा वास आला तर तिथे हायड्रोजन सल्फाइड आहे, ते टँकच्या पाण्यात सुटलं तर मासे तासाभरात धापा टाकतात. असा भाग काढायचाच असेल तर वाळूसकट थेट बादलीत ओढा, परत टाकू नका, जोरात एअरस्टोन चालू ठेवा आणि काम झाल्यावर सॉकमागे ताजा सक्रिय कार्बन ठेवा.

जाडीबद्दल एक स्पष्ट मत: दोन-तीन सेंटिमीटर ठेवून नियमित सायफन करा, नाहीतर दहाच्या वर ठेवून कायम अस्पर्श ठेवा. मधली पाच-सात सेंटिमीटरची वाळू दोन्हीकडून गेलेली असते. धुवायला जास्त, डिनायट्रिफिकेशनला (नायट्रेटचा वायू होण्याला) अपुरी.

दगडांवरचा गाळ विसरला जातो. आठवड्यातून दोनदा बास्टरने (रबरी फुग्याच्या मोठ्या ड्रॉपरने) किंवा छोट्या पंपाने दगडांच्या फटींत फवारा मारा. सॉक १०० ते २०० मायक्रॉनचा, आधी लावलेला. उडालेला गाळ अर्ध्या-पाऊण तासात सॉकमध्ये गोळा होतो. कोरलही त्यातले बारीक कण खातात, त्यामुळे हे काम संध्याकाळी, त्यांचे तंतू बाहेर असताना करणं फायद्याचं. मात्र सॉक आठवडाभर तसाच ठेवला तर सगळा खटाटोप फुकट. अडकलेला माल तिथेच कुजतो आणि विरघळून परत टँकमध्ये येतो. दोन, फार तर तीन दिवस.

गाळ नेमका कुठे बसतो ते शोधायला फ्लेकची चिमूटभर भुकटी सोडा, दिवे मंद करा आणि बाजूने टॉर्च मारा. पाच मिनिटांत मेलेले कोपरे दिसतात. वेव्हमेकरची दिशा तेवढ्यासाठी वळवा. एकूण प्रवाह टँकच्या आकारमानाच्या ताशी २० ते ४० पट असावा. पण आकड्यापेक्षा तो दगडांच्या मागून जातो का, हे जास्त महत्त्वाचं. दगडांची भिंत काचेला टेकवून रचली असेल तर मागे गाळाचा ढीग ठरलेला, पाच सेंटिमीटर तरी जागा सोडा. सम्पचे कप्पेही पंधरवड्याला सायफन करा.

कणांना चिकटलेलं फॉस्फेट

दुसरी बरणी किंवा दगडाची बरणी चढली असेल तर सायफनने भागत नाही. पाण्यातलं फॉस्फेट थोडं खाली ठेवायचं, म्हणजे कण सोडत राहतील, आणि सुटलेलं पकडत राहायचं. याला महिने लागतात. सहा महिनेही लागू शकतात.

जीएफओ पाकिटावरच्या मात्रेच्या चौथाईने सुरू करा. आरओ पाण्याने लाल पाणी यायचं थांबेपर्यंत धुवा. रिअ‍ॅक्टरमध्ये (दाण्यांतून पाणी फिरवणाऱ्या नळकांड्यात) वरचे दाणे नुसते थरथरतील इतकाच प्रवाह. जोरात घुसळले तर दाणे दळले जाऊन लाल भुकटी टँकभर होते. दर दोन दिवसांनी रिअ‍ॅक्टरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचं फॉस्फेट मोजा. दोन्ही सारखे आले की दाणे भरले, बदला. साठा मोठा असेल तर पहिली खेप तीन-चार दिवसांतही भरते, त्याला खराब माल समजू नका.

आठवड्याला असलेल्या आकड्याच्या चौथाईपेक्षा जास्त उतरवू नका. ०.२४ वरून पहिल्या आठवड्यात ०.१८. घाई केली की अ‍ॅक्रोपोराची टोकं पांढरी पडून जळतात, विशेषतः क्षारीयता (पाण्याची पीएच टिकवण्याची ताकद, डीकेएचमध्ये मोजतात) ९ डीकेएचच्या वर असेल तर. हे काम चालू असेपर्यंत ७.५ ते ८.५ मध्ये ठेवा.

साठा फार मोठा असेल तर जीएफओ परवडत नाही, तिथे लँथेनम क्लोराइड. १ मिलिग्रॅम फॉस्फेट बांधायला सुमारे दीड मिलिग्रॅम लँथेनम लागतं. २०० लिटरचं फॉस्फेट ०.०५ ने उतरवायचं तर १० मिलिग्रॅम फॉस्फेट, म्हणजे साधारण १५ मिलिग्रॅम लँथेनम. बाटलीवर ताकद वेगवेगळी असते, तिच्यावरून हिशेब करा. थोडं लँथेनम कार्बोनेट होऊन वाया जातं, म्हणून क्षारीयताही जरा उतरते. एक लिटर आरओ पाण्यात पातळ करून सहा-आठ तासांत, थेंबाथेंबाने, ५ किंवा १० मायक्रॉनच्या सॉकच्या आत सोडा. थेट टँकमध्ये ओतलं तर पांढरा धूर होतो आणि ते कण माशांच्या कल्ल्यांत बसतात. टँग जातीचे मासे सगळ्यात आधी जोरजोरात श्वास घेऊ लागतात. तसं दिसलं की लगेच थांबवा आणि हवा वाढवा.

सफाई कामगार प्राणी आणि शेवाळ

गोगलगायी, समुद्रकाकडी, ब्रिसल वर्म आणून फॉस्फेट उतरेल ही अपेक्षा ठेवू नका. ते गाळ खातात आणि त्यातलं बहुतेक फॉस्फेट पुन्हा पाण्यात सोडतात. त्यांचा खरा उपयोग वेगळा: अडकलेला माल हलतो, वाळूत पाणी शिरतं, आणि स्किमरला किंवा शेवाळाला पकडायला काहीतरी मिळतं. पकडणारं कोणी नसेल तर त्यांच्यामुळे आकडा वाढूही शकतो. सेरिथ गोगलगायी वाळूवरचा थर चरतात. नासारिअस मुख्यतः मेलेलं मांस शोधतात, पण वाळू उकरतात. वाळू चाळणारा तारामासा लहान टँकमध्ये वाळूतले जीव संपवून काही महिन्यांत उपाशी मरतो, आणू नका. समुद्रकाकडी चांगलं काम करते, पण पंपाच्या तोंडात अडकली तर तिचं विष मासे मारू शकतं. जाळी असलेल्याच टँकमध्ये ठेवा.

बाहेर काढणारं खरं साधन म्हणजे कीटोमॉर्फा, हे दोऱ्यांसारखं हिरवं शेवाळ. सम्पमध्ये रात्रीच्या वेळी १०-१४ तास प्रकाश, गोळा सैल राहील इतका प्रवाह, आणि कप्पा भरला की तिसरा हिस्सा काढून टाकायचा. काढला नाही तर मधला भाग अंधारात सडतो आणि घेतलेलं सगळं परत देतो. ते वाढतच नसेल तर नायट्रेट शून्य आहे का ते आधी बघा.

व्हिनेगर वापरायचं तर ५ टक्क्यांचं पांढरं, १०० लिटरला रोज ०.८ मिलिलिटरने सुरुवात, दिवसा, स्किमरच्या जवळ. व्होडका याच्या आठपट ताकदीची असते. जिवाणू फॉस्फेटच्या मानाने नायट्रेट जास्त ओढतात, म्हणून नायट्रेट आधी तळाला जातं. २ च्या खाली गेलं की मात्रा थांबवा. पाणी धुकट झालं तर त्या दिवशीच बंद, आणि हवा जोरात.

वाळू बदलायची कधी

तीन महिने गाळ काढून, जीएफओ बदलून धुतलेल्या वाळूची बरणी अजूनही पहिल्याइतकीच चढत असेल तर वाळू बदलणं स्वस्त पडतं. दर पंधरवड्याला चौथा हिस्सा, २० मिलिमीटरच्या नळीने वाळूसकट पाणी ओढून. प्रत्येक खेपेला दुसऱ्या दिवशी अमोनिया मोजा, ०.१ च्या वर गेला तर पुढची खेप लांबवा. नवी वाळू १ ते २ मिलिमीटर दाण्याची, धुतलेली, दोन सेंटिमीटर. साखरेसारखी बारीक वाळू दिसायला छान, पण जोरदार प्रवाहात उडते आणि लवकर जखडते. दगडही दोषी निघाले असतील तर नुसती वाळू बदलून चालणार नाही, नवी वाळू दगडांमधून सुटणारं फॉस्फेट धरायला लागेल. एकेक दगड काढून अंधाऱ्या पिंपात, खारं पाणी, हीटर आणि पंप लावून ठेवा, पिंपात लँथेनम द्या. फॉस्फेट आठवडाभर ०.०५ च्या खाली टिकलं की तो दगड परत टँकमध्ये. पिंपातलं पाणी टँकमध्ये जाऊ देऊ नका.

वाळू अजिबात नको असेल तर उघडा तळही चालतो. गाळ लगेच दिसतो, सायफन पाच मिनिटांत होतो आणि प्रवाह हवा तितका वाढवता येतो. फक्त हॅलिकोइरेससारखे रात्री वाळूत शिरून झोपणारे रॅस मासे असतील तर त्यांच्यासाठी एका कोपऱ्यात पाच-सहा सेंटिमीटर वाळूचा काचेचा ट्रे ठेवा आणि तो ट्रे महिन्यातून एकदा उचलून, खाऱ्या पाण्यात धुऊन परत ठेवा.